जिप्सीचा पुढचा ॲक्सल घरच्या अंगणात बदलताना

नमस्कार. ऑफ-रोड गाडीचा पुढचा ॲक्सल घरी बदलता येतो का, या प्रश्नावर बोलायला मला सांगितले आहे. मी हा विषय मारुती जिप्सीपुरता ठेवणार आहे, कारण सह्याद्रीच्या घाटवाटांवर आणि कोकणातल्या ओढ्यांत हौसेने फिरणाऱ्यांकडे आजही ही गाडी मोठ्या संख्येने आहे आणि तिची रचना अशा कामाला अनुकूल आहे. 1985च्या अखेरीस बाजारात आलेल्या या गाडीची चेसिस शिडीच्या आकाराची, चारही बाजूंना पाटे (म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), आणि पुढे-मागे अखंड हौसिंगचे (डावीकडून उजवीकडे सलग पोलादी आवरणाचे) ॲक्सल. पुढचा ॲक्सल गाडीशी जोडलेला असतो तो दोन पाट्यांनी, एका ड्रॅग लिंकने (स्टिअरिंगचा दांडा), एका प्रोपेलर शाफ्टने (इंजिनाची शक्ती ॲक्सलकडे नेणारा फिरता दांडा) आणि ब्रेकच्या होजने; एवढ्या जोडण्या सुटल्या की तो बाहेर येतो. त्यासाठी गॅरेजमधली लिफ्ट लागत नाही. सपाट, टणक जमीन, दोन चांगले जॅक, दोन भक्कम स्टँड, टॉर्क रेंच आणि मदतीला एक माणूस एवढे पुरते.

प्रत्यक्ष खोलाफिटिंगला मात्र या कामात सर्वांत कमी वेळ लागतो. खरा वेळ लागतो तो आधीच्या मोजमापाला आणि नव्या ॲक्सलच्या तयारीला, आणि तो जिथे वाचवला जातो तिथेच गाडी पुढे त्रास देते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून त्याविषयी मी अधिक बोलणार आहे.

पहिला प्रश्न असा की ॲक्सल बदलण्याची गरज खरोखरच आहे का. चाकामागच्या गोल नकलवरून (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते तो भाग) ग्रीसमिश्रित तेल ओघळू लागले की अनेकांना संपूर्ण ॲक्सल गेल्यासारखे वाटते. वास्तविक हौसिंगच्या टोकाचे आतले ऑइल सील निकामी झाले की डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या संचाचे) तेल नकलमध्ये उतरते, तिथले ग्रीस पातळ करते आणि बाहेरच्या सीलमधून गळू लागते. हे काम सील बदलून भागते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना येणारा कट-कट आवाज हा बहुधा नकलमधल्या बाहेरच्या जॉइंटच्या गोळ्या आणि त्यांच्या खाचा झिजल्याचा असतो, आणि तेवढा जॉइंट बदलता येतो. क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचा) आवाज असेल तर जिप्सीत तो संपूर्ण संच हौसिंगच्या तोंडाशी बोल्टने बसवलेला असल्यामुळे हौसिंग गाडीखालीच ठेवून काढता येतो. संपूर्ण ॲक्सल बदलावा लागतो तो प्रामुख्याने हौसिंग वाकले, त्याला तडा गेला, किंवा पाटा ज्यावर बसतो ती बैठक गंजून फाटली तरच.

हौसिंग वाकले आहे का हे ठरवण्यासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. गाडी सपाट जागी, चाके सरळ आणि टायरमध्ये सारखी हवा ठेवून रिमच्या बाहेरून ओळंबा सोडावा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे ढकलून तीच मापे पुन्हा घ्यावीत, म्हणजे रिमचा स्वतःचा वाकडेपणा त्यातून वजा होतो. मूळ रचनेत चाकाचा माथा किंचित बाहेर झुकलेला असतो. गाडी उंचावरून आदळली की जमिनीचा रेटा दोन्ही टोकांना वर लोटतो आणि पाटे मधल्या भागाला खाली दाबतात. त्यामुळे टोके वर उचलली जाऊन चाकाचा माथा आत झुकतो आणि टायरची आतली कड झपाट्याने झिजते. किंग पिनच्या (नकल ज्यावर वळते त्या खुंटीच्या) बेअरिंगमध्ये किंवा हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) चाल, म्हणजे ढिलाई, असेल तरीही असेच चित्र दिसते. म्हणून चाक जमिनीपासून उचलून, वर-खाली धरून हलवून पाहिल्याशिवाय हौसिंगला दोष देऊ नये.

आता दुसरा ॲक्सल कोणता आणावा याविषयी. जिप्सीचे अरुंद आणि रुंद असे दोन प्रकार रस्त्यावर आहेत. 1993मध्ये रुंद ट्रॅकची गाडी आली तेव्हा पुढच्या दोन चाकांमधले अंतर 1210 मिलिमीटरवरून 1300 मिलिमीटर झाले. जुन्या गाडीला फक्त पुढे रुंद ॲक्सल लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने पुढची चाके मागच्यांच्या रेषेबाहेर जातात, आणि कायद्याचा प्रश्नही उभा राहतो. मोटार वाहन अधिनियम, 1988च्या कलम 52नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये हीच भूमिका स्पष्टपणे मांडली. मूळ प्रकारचा ॲक्सल लावणे ही दुरुस्ती आहे, दुसऱ्या मापाचा लावणे हा फेरफार आहे, आणि रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी पहिलाच मार्ग सुचवीन.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून किंवा मोडीत निघालेल्या गाडीवरून ॲक्सल घेताना त्याचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे किती फेरे होतात ते) जागेवरच तपासावे. एका बाजूचा हब घट्ट धरून दुसऱ्या बाजूचा बरोबर दोन फेरे फिरवावा आणि तेवढ्यात पिनियनची फ्लँज (प्रोपेलर जिथे जोडतो ती चकती) किती फिरते ते खडूची खूण करून मोजावे. फ्लँजचे जितके फेरे होतील तितके गुणोत्तर. मागचे एक चाक उचलून तीच चाचणी मागच्या ॲक्सलवर करता येते. दोन्हींत फरक असेल तर तो ॲक्सल फुकट मिळाला तरी घेऊ नये, कारण फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचे आणि मागचे भाग एकमेकांशी ओढाताण करू लागतात आणि त्याचा भार ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलना शक्ती वाटणाऱ्या पेटीवर) येतो. नंतर भरणाचा बोल्ट उघडून तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे. ओढ्यात उतरताना तापलेले हौसिंग एकदम थंड पडते, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर (हौसिंगमध्ये हवा ये-जा करण्याचे छिद्र) चोंदलेला असेल तर पाणी सीलमधून आत ओढले जाते. पावसाळ्यात आपल्याकडच्या गाड्यांच्या बाबतीत हे सर्रास घडते.

आणलेला ॲक्सल गाडीखाली नेण्यापूर्वी जमिनीवरच पूर्ण सजवावा. सील, किंग पिनची बेअरिंग आणि नकलचे नमद्याचे वायसर नवे घालावेत. गाडीखाली आडवे पडून करावे लागणारे काम इथे स्टुलावर बसून होते. किंग पिनचा ताण हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. बाहेरचे सील न लावता, टाय रॉड जिथे अडकतो त्या भोकात ताणकाट्याचा आकडा अडकवावा, नकल सावकाश ओढावी आणि ती हलू लागताना काटा किती किलो दाखवतो ते पाहावे. तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत हवा. कमी भरला तर किंग पिनखालची एखादी शिम (पत्र्याची पातळ चकती) काढावी, जास्त भरला तर घालावी. ताण ढिला राहिला तर ठरावीक वेगाला किंवा खड्डा लागताच स्टिअरिंग थरथरू लागते, आणि मग लोक चाकांच्या बॅलन्सिंगवर आणि स्टिअरिंग डॅम्परवर पैसे घालवत बसतात.

गाडी उचलताना मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि स्टँड चेसिसखाली, पुढच्या पाट्याच्या मागच्या टोकाच्याही मागे ठेवावेत. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये. या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही, सरळ काम थांबवतो. डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपर खोलून तारेने चेसिसला टांगावेत, म्हणजे होज सोडावा लागत नाही, त्यावर ताण येत नाही आणि ब्लीडिंगही (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणे) वाचते. ड्रॅग लिंकचा निमुळता सांधा सोडवताना आट्यांवर हातोडी मारू नये. नट सैल करून जागेवरच ठेवावा, सांध्याच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडीचा टेकू द्यावा आणि समोरून दुसऱ्या हातोडीचा नेमका ठोका मारावा, सांधा सुटतो. प्रोपेलर फक्त फ्लँजवर सोडून बाजूला बांधावा. त्याचा सरकता सांधा वेगळा झाला तर दोन्ही टोकांचे क्रॉस पुन्हा एका रेषेत जुळवावे लागतात.

इथे जिप्सीची एक खासियत ध्यानात घ्यावी लागते. मूळ रचनेत पाटे ॲक्सलच्या खालून जातात, त्यामुळे पाट्यांना ॲक्सलशी आवळणारे यू-बोल्ट काढले तरी ॲक्सल खाली पडत नाही, तो पाट्यांवर बसून राहतो. जिप्सीत पुढच्या पाट्याचे शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) पुढच्या टोकाला असते. ॲक्सलला जॅकचा आधार देऊन दोन्ही शॅकलचे बोल्ट काढले आणि पाट्यांची पुढची टोके जमिनीकडे झुकवली की ॲक्सल पुढच्या बाजूने मोकळा येतो. डिफरन्शियलचा गोळा मध्यावर नसून एका बाजूला असल्यामुळे वजन त्या बाजूला कलते, आणि उचलणाऱ्या दोघांपैकी दणकट माणसाने तीच बाजू धरावी.

नवा ॲक्सल बसवताना पाट्याच्या मधल्या बोल्टचे डोके बैठकीच्या भोकात पूर्ण उतरले आहे याची बोटाने चाचपून खात्री करावी. ते कडेवर अडकले असताना यू-बोल्ट आवळले गेले तर ॲक्सल तिरका बसतो. यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण एकदा पूर्ण ताणले गेलेले आटे दुसऱ्यांदा तसा ताण धरत नाहीत, आणि ते चौकडीने, थोडे थोडे आवळावेत. शॅकलचे आणि पाट्याच्या टोकांचे बोल्ट मात्र या वेळी हातानेच लावून ठेवावेत. गाडी चाकांवर उतरवून, दोन-तीनदा दाबून बसवल्यानंतरच ते पक्के करावेत. पाटे लोंबकळत असताना ते आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. शेवटी दोन्ही बाजूंना पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते 2375 मिलिमीटरच्या आसपास आणि मुख्य म्हणजे दोन्हीकडे सारखे यायला हवे.

डिफरन्शियलमध्ये जीएल-5 दर्जाचे तेल भरणाच्या भोकातून ओघळेपर्यंत घालावे, आणि ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधावी. टो-इन (पुढच्या चाकांचा किंचित आतला कल) घरी दोरीने अंदाजे लावता येतो, पण तो एकदा अलाइनमेंटच्या यंत्रावर तपासून घ्यावा. फोर-व्हील ड्राइव्हची चाचणी डांबरी रस्त्यावर न घेता मैदानात किंवा मातीच्या रस्त्यावर घ्यावी. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. बैठकीतला रंग आणि गंज दबल्यामुळे ते थोडे तरी ढिले झालेले आढळतात. जुना ॲक्सल भंगारात देण्यापूर्वी त्याचे स्पिंडल, चांगला असलेला क्राउन-पिनियनचा संच आणि हबचे नट काढून, तेल लावून ठेवावेत, कारण जुन्या जिप्सीचे सुटे भाग आता पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत आणि वाकलेल्या हौसिंगबरोबर ते वजनावर विकण्यात काहीच फायदा नाही.