राज्यपक्ष्याची शेंडी

(गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय, 'जंगल कोण लावतं?' त्याच्याकडे येतोच. आधी एक जुना हिशेब चुकता करतो.

गोव्याचा राज्यपक्षी कुठला, हे मी शाळाशाळांतून विचारतो. निम्मी मुलं मोर म्हणतात, उरलेली खंड्या. खंड्या का, ते त्यांच्या बापांना विचारा. बाटलीवर त्याचं चित्र असतं. (हशा)

आपला राज्यपक्षी म्हणजे तांबड्या गळ्याचा पिवळा बुलबुल. मैनेपेक्षा लहान. डोकं काळंभोर, पोट हळदीचं, पाठ शेवाळी, डोळा पांढरट. आणि गळा कसा? पोरानं भिरंड, म्हणजे कोकमाचं फळ, फोडून खावं आणि रस हनुवटीखाली ओघळावा, तसा. पश्चिम घाटाबाहेर हा जगात कुठंच नाही.

तर दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं पर्यावरण दिनाचं पोस्टर पाठवलं. मजकूर उत्तम. चित्रातल्या बुलबुलाच्या डोक्यावर मात्र ही एवढी शेंडी! मी फोन केला.

"सर, बुलबुलच आहे ना?"

बुलबुलच, पण ईशान्येकडचा चुलतभाऊ. त्याला शेंडी असते आणि गळाही पिवळा. चूक कशी झाली तेही मला कळत होतं. पूर्वी शास्त्रज्ञच या दोघांना एका जातीत धरत. जुन्या नावानं इंटरनेटवर शोधलं की शेंडीवाला पुढं येतो. हे सगळं मी पंधरा मिनिटं समजावलं.

"सर, छापून झालंय. शेंडीचं एवढं काय?"

"अहो, राज्यपक्ष्यालाच शेंडी लावलीत की!"

तिकडे शांतता. विनोद फुकट गेला. मग माझ्या वाट्याच्या दहा प्रती घेऊन बसलो. मागचं रान हिरवं होतं, म्हणून हिरव्या स्केचपेननं शेंड्या बुजवल्या आणि गळ्याला देवघरातलं कुंकू लावलं. पक्षी नुकतीच हजामत केल्यासारखा दिसत होता, पण निदान आपला वाटत होता. आज इथं आलो, तर याच भिंतीवर तेच पोस्टर!

चिठ्ठी आलीय. भजनाची मंडळी बाहेर ताटकळलीत. बरं, भरभर सांगतो.

मोळें गावच्या रानात मी याला जवळून खाताना पाहिलंय. पिकलेलं फळ अख्खं गिळलं, चोच फांदीला दोन्ही बाजूंनी पुसली आणि उडता उडता आधी खाल्लेल्या फळाचं बी खाली टाकलं. झालं, जंगल लागलं! मोठी फळं याच्या चोचीत मावत नाहीत, ते काम धनेशाचं. बारीक फळांची लावणी बुलबुलांकडे. पोर्तुगीजांनी आणलेली मिरची कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, दगडी गडग्यावर आपोआप उगवते ना, तीही पक्ष्यांचीच करणी. त्यांना तिखट लागतच नाही, आणि दात नसल्यानं बीही चिरडत नाही.

आता कुणी विचारेल, घाणेरीच्या तणाचं काय? खरंय, तीही हेच पसरवतात. बुलबुल काही परवानगी घेऊन बी टाकत नाही. घाणेरी आपणच उपटायची. पण वनमहोत्सवाला खड्डे खणण्याआधी माळावरचा एकटा उंबर राखा. पक्षी येऊन बसतील, बी पडेल, खालच्या सावलीत काय उगवतं ते पाहा.

बरं, आत घ्या त्यांना. पेटी मात्र त्या पोस्टरखाली नको. मघाशीच कुंकू लावलंय, ओलं आहे अजून.