जेसन: वैद्याचे नाव, वीराच्या वाट्याला

श्रोतेहो, ग्रीक पुराणकथेतला वीर जेसन म्हटले की आर्गो जहाज आणि त्यातून जाऊन त्याने आणलेली सोनेरी लोकर आठवते. मात्र या नावाचा समुद्राशी किंवा शौर्याशी काहीही संबंध नाही. त्याचा मूळ ग्रीक उच्चार इयासोन असा असून, बरे करणे या अर्थाच्या ‘इयास्थाइ’ या क्रियापदाशी त्याचे नाते जोडले जाते. वैद्यासाठीचा ग्रीक शब्द ‘इयात्रोस’ हा याच कुळातला, आणि वैद्यकदेव अस्क्लेपियसच्या एका कन्येचे नावही इयासो असेच होते.

वीराला असे नाव का मिळाले, याचे धागे कथेतच सापडतात. पेलियासने आपला सावत्र भाऊ एसन याचे इओल्कसचे राज्य बळकावल्यावर एसनच्या तान्ह्या मुलाला, म्हणजे जेसनला, गुपचूप पेलिओन पर्वतावर कायरॉनकडे पोचवण्यात आले. हा कायरॉन अर्धा मनुष्य आणि अर्धा अश्व. अस्क्लेपियसलाही वैद्यक त्यानेच शिकवले. उत्तर आफ्रिकेतील किरीनी या ग्रीक नगरीचा राजा आर्केसिलास याच्या रथशर्यतीतील विजयानिमित्त इ.स.पू. 462 मध्ये रचलेल्या दीर्घ स्तोत्रात ग्रीक कवी पिंडारने जेसनच्याच तोंडून सांगितले आहे की, कायरॉन आपल्याला या नावाने हाक मारीत असे. गंमत अशी की, एवढ्या मोठ्या गुरूच्या हाताखाली वाढूनही प्रचलित कथेत जेसन कोणाला बरे करताना दिसत नाही. औषधी, लेप, मंत्र हे सारे त्याची जादूगार पत्नी मेडिया हिचे. वृद्ध एसनला पुन्हा तरुण करते तीही तीच, आणि तिलाच जेसन पुढे टाकून देतो.

अशा माणसाचे नाव आईबापांनी मुलांना का ठेवावे, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर पुराणकथेत नव्हे, तर जेरुसलेममध्ये आहे. अलेक्झांडरनंतरच्या काळात ग्रीक जगात वावरणारे अनेक यहुदी येशुआ किंवा यहोशवा या आपल्या नावाला ध्वनीने जवळचे म्हणून इयासोन हे नाव घेत. इ.स.पू. 175 च्या सुमारास तेव्हा जेरुसलेमवर सत्ता असलेल्या सेल्युकिड घराण्यातील राजा चौथ्या अँटायोकसला पैसे देऊन महायाजकपद मिळवणारा आणि जेरुसलेममध्ये ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभारणारा जेसन मूळचा येशुआच होता, असे इतिहासकार जोसिफस नोंदवतो. त्याच्याहून मोठी रक्कम देऊन ज्याने पुढे ते पद हिसकावले, त्याचेही नाव होमरच्या काव्यातले होते: मेनेलाउस! पिंडारच्या आश्रयदात्याच्या त्या किरीनीतूनच पुढे जेसन नावाचा यहुदी इतिहासकार आला. त्याच्या पाच खंडांचा संक्षेप म्हणजे यहुदींच्या बंडाची कथा सांगणारे ‘मक्काबींचे दुसरे पुस्तक’.

नव्या करारात हे नाव याच वाटेने आले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात थेस्सलनीकेत ख्रिस्ती प्रेषित पौलाला आसरा देणारा आणि त्यापायी जमावाचा रोष ओढवून घेणारा जो गृहस्थ भेटतो, त्याला मराठी बायबल ‘यासोन’ म्हणते, आणि हे रूप मूळ उच्चाराला इंग्रजी ‘जेसन’पेक्षा कितीतरी जवळचे आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या प्युरिटन पंथीयांनी मुलांसाठी बायबलातली नावे वेचली, तेव्हा त्यांच्यासमोर हा यजमान होता. आर्गोचा नायक नव्हे. अमेरिकेत 1970 च्या दशकात हे नाव मुलग्यांच्या पहिल्या दहा नावांत जाऊन बसले, तोवर मात्र दोन्ही वारसे एकमेकांत पुरते मिसळून गेले होते.