बापाच्या जागी पोरगा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलूया आइसलँडच्या आयदुर गुड्योन्सेनबद्दल. चेल्सी आणि बार्सिलोनाच्या मॅचेस बघणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल, पुण्याच्या फुटबॉलवाल्यांना तर नक्कीच, ते का ते पुढे येईल. मोठा प्लेअर, नंतर कोच, मॅनेजर, असा सगळा प्रवास आहे, पण मला आधी एकाच संध्याकाळची गोष्ट सांगू द्या, कारण ती कितीही वेळा सांगितली तरी माझं समाधान होत नाही.

तारीख २४ एप्रिल १९९६. एस्टोनियाची राजधानी टॅलिन. आइसलँडची टीम तिथे एक मैत्रीपूर्ण मॅच खेळायला गेलेली. टीममध्ये आर्नोर गुड्योन्सेन, वय ३४, आठवड्याभरात ३५ पूर्ण होणार, बेल्जियममध्ये अँडरलेख्तकडून, फ्रान्समध्ये बोर्डोकडून खेळून झालेला, त्या काळातला आइसलँडचा मोठा स्टार. आणि बेंचवर बसलेला त्याचाच मुलगा आयदुर, वय १७. बरोबर ऐकलंत, बाप मैदानात आणि मुलगा बेंचवर, दोघं एकाच देशाच्या एकाच टीममध्ये. आर्नोर स्वतः १७ वर्षांचा असताना हा मुलगा झाला होता, म्हणून तर हे जुळून आलं.

सेकंड हाफ सुरू होतो, ६२वं मिनिट येतं, बदलीचा बोर्ड वर जातो. बाहेर येणारा आर्नोर, आत जाणारा आयदुर. साइडलाइनवर बापलेक एकमेकांना भेटतात, मिठी मारतात, आणि मुलगा बापाच्या जागी मैदानात पळत जातो. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये बापाच्या जागी सब्स्टिट्यूट म्हणून मुलगा उतरला असं तेव्हा पहिल्यांदाच घडलं. मॅच आइसलँडने ३-० जिंकली, पण आज त्या मॅचमधलं लोकांना काय आठवतं? ती बदलीच.

आता तुम्ही म्हणाल, अहो मग दोघांना एकत्रच का नाही खेळवलं? बापाऐवजी दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढायचं, झालं. तर तिथेच खरी गोम आहे. आर्नोरनेच नंतर सांगितलंय की आइसलँडच्या फुटबॉल असोसिएशनच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं, बापलेकांनी एकत्र खेळायचं ते पुढच्या होम मॅचला, जूनमध्ये, रेक्याविकला, आपल्या लोकांसमोर. म्हणजे परदेशात थोड्या लोकांसमोर हा क्षण वाया घालवायचा नाही, घरी साजरा करायचा. हेतू चांगलाच होता, मी नाही म्हणत नाही.

पण जून यायच्या आधीच आयदुर आयर्लंडविरुद्ध ज्युनियर टीमची मॅच खेळला आणि त्यात त्याचा पाय मोडला. साधंसुधं फ्रॅक्चर नव्हतं, दुखणं इतकं लांबलं की पोराचं करिअरच संपतंय की काय अशी वेळ आली. तो बरा होऊन नॅशनल टीममध्ये परत आला १९९९ला, आणि आर्नोर तर नॅशनल टीममधून १९९७लाच निवृत्त झालेला. बापलेक देशासाठी एकत्र एक मिनिटही खेळले नाहीत. पुन्हा सांगतो, एक मिनिटही नाही. दोघांनाही याची कायम हळहळ राहिली, आणि बापाने ती उघड बोलूनही दाखवली.

यावर माझं मत अगदी ठाम आहे. मैदानात कोण उतरणार हे कोचनेच ठरवायचं, अध्यक्षांनी नाही, सेक्रेटरींनी नाही, देणगी देणाऱ्यांनी तर मुळीच नाही. आपल्याकडे शाळेच्या कबड्डी टीमपासून हे सुरू होतं, कुणाचा तरी फोन येतो आणि चांगला चढाई करणारा पोरगा बाहेर बसतो, आणि त्या पोराचं ते वर्ष परत येत नाही हो. असो.

तर पुढचं भराभर सांगतो. त्या दुखापतीमुळे आयदुरला त्याच्या तेव्हाच्या क्लबची, म्हणजे नेदरलँड्सच्या पीएसव्ही आइंडहोवनची दारं बंद झाली, तिथे त्याच्याबरोबर ब्राझीलचा रोनाल्डो खेळत होता, विचार करा. मग घरी येऊन केआर क्लब, तिथून इंग्लंडला बोल्टन, २०००ला चेल्सी. चेल्सीत लागोपाठ दोन प्रीमियर लीग, मग बार्सिलोना, २००९ला लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही जिंकणाऱ्या टीममध्ये हा होता. देशासाठी ८८ मॅच, २६ गोल. २०१६च्या युरोत, आइसलँडच्या पहिल्याच मोठ्या स्पर्धेत, ३७व्या वर्षी तो टीममध्ये होता. आणि त्याच वर्षी एफसी पुणे सिटीने त्याला मार्की प्लेअर, म्हणजे टीमचं सगळ्यात मोठं नाव म्हणून साइन केलं! बालेवाडीला आपल्या डोळ्यांसमोर खेळणार म्हणून लोक खूश, आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच दुखापत, एकही मॅच न खेळता गेला. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आता कोचिंग. मोठं नाव आहे म्हणून थेट मोठी टीम मागितली असं त्याने केलं नाही, २०१९ला आइसलँडच्या अंडर-२१ टीमचा असिस्टंट झाला, आणि मला हे फार आवडतं, शिकायचं तर खालून शिकावं. २०२०ला हाफनारफ्योर्दुर गावचा एफएच क्लब मिळाला, आणि बरोबरीने टीम सांभाळायला कोण? लोगी ओलाफसन. हा लोगी कोण? १९९६ला टॅलिनला आइसलँडचा कोच होता तोच! ज्याने बापाला बाहेर काढून मुलाला आत पाठवलं, तोच माणूस २४ वर्षांनी त्याच मुलाच्या शेजारी बेंचवर. एफएच त्या वर्षी लीगमध्ये दुसरे आले.

मग नॅशनल टीमचा असिस्टंट, आर्नार विदारसनच्या हाताखाली. आणि ११ ऑक्टोबर २०२१, रेक्याविक, लाउगार्दाल्सवोलुर स्टेडियम. हो, १९९६च्या जूनमध्ये बापलेकांना जिथे एकत्र खेळवायचं ठरलं होतं तेच मैदान. समोर लिख्टेनस्टाइन, स्कोअर ३-०, मॅच संपत आलेली. स्वेइन आरोन गुड्योन्सेन पास देतो आणि आंद्री लुकास गुड्योन्सेन गोल मारतो. दोघेही आयदुरचे मुलगे. थोरल्याने पास दिला, धाकट्याने गोल केला, आणि बाप कोचिंग स्टाफमध्ये बेंचवर.

त्या वर्षअखेरीला त्याने ते पद सोडलं, २०२२ला एफएचला परत आला, टीम खाली घसरत होती, काही महिन्यांतच तेही संपलं. मॅनेजर म्हणून रेकॉर्ड छोटा आहे, ट्रॉफी नाही, हे खरंय. पण तिसरा मुलगा, डॅनियल त्रिस्तान, स्वीडनच्या माल्मो क्लबमध्ये आहे, तोही फॉरवर्डच, त्याच्यावर लक्ष ठेवा.