दोन गाड्या, तीन बॅगा

(दृश्य : सोलापूर स्टेशनबाहेरचं आवार. रात्रीचे साडेनऊ. रिक्षांची रांग. एक रिक्षावाला मागच्या सीटवर पाय पसरून मोबाइल बघतोय.)

सोलापूरकराला विमानतळाचा पत्ता विचारला, तर तो आधी उलट विचारतो, "कुठलं? आपलं, का खरं?"

आपलं म्हणजे होटगी रोडचं. तिथल्या साखर कारखान्याची उंच चिमणी विमानांना आडवी येत होती. तिच्यावरून गावात कित्येक वर्षं भांडणं झाली आणि अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडली. ९ जून २०२५ला गोव्याचं विमान सुरू झालं, १५ ऑक्टोबरला मुंबईचं. पहिल्या दिवसांत कंपाउंडबाहेर लेकरांना खांद्यावर घेऊन माणसं उभी असायची.

आणि खरं म्हणजे पुण्याचं किंवा मुंबईचं. तिथं उतरायचं आणि पुढं रेल्वे. विमानतळ एका गावात आणि घर दुसऱ्या गावात, याची आम्हाला इतकी सवय आहे की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही.

(दृश्य : भिंतीला टेकवलेल्या तीन बॅगा. दोन मोठ्या, करड्या, कडक कवचाच्या. एक लहान, निळी, चेन तुटलेली.)

या फिल्ममध्ये तीन बॅगा आहेत. दोन माझ्या ताईच्या, एक माझी. मामेभावाच्या लग्नाला आम्ही दोघं एकाच दिवशी सोलापूरला निघालो. ती जर्मनीहून मुंबईमार्गे, मी दिल्लीहून पुण्यामार्गे. आई-बाबा गेल्यावर आमचं घर विकलं. त्यामुळे दोघांचं उतरणं हॉटेलात, आपल्याच गावात.

ताई मुंबईहून विमानानंच का नाही आली? हा प्रश्न मामांनी तीनदा विचारला. उत्तर बॅगेत आहे. परदेशातून येणाऱ्या बऱ्याच तिकिटांवर २३-२३ किलोच्या दोन बॅगा चालतात. देशातल्या साध्या तिकिटावर विमानाच्या पोटात टाकायच्या सामानाला सहसा १५ किलोची मुभा. ताईचं पुढचं तिकीट वेगळं असतं, तर ३१ किलोचे जादा पैसे भरावे लागले असते. हिशेब करून ती म्हणाली, "एवढ्यात मी नवी साडी घेईन." म्हणजे रेल्वे.

(दृश्य : मुंबई, टर्मिनल दोन. सरकत्या पट्ट्यावरून येणारं सामान.)

दोन वर्षांपूर्वी ताई इथून टॅक्सीनं दादरला गेली होती. लोकलचा विचारसुद्धा कुणी केला नव्हता. लोकलमध्ये लगेजचा वेगळा डबा असतो, पण तो भाजीच्या पाट्या आणि दुधाच्या कॅन घेऊन जाणाऱ्यांचा. तिथं कडक कवचाची बॅग घेऊन शिरलं, तर माणसं आपल्याकडे बघतात आणि मग बॅगेवर बसतात.

आता भुयारी मेट्रो आहे. मुंबईची तिसरी मार्गिका, आरे ते कफ परेड, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि टर्मिनल दोनवरून थेट सीएसएमटी जोडलं गेलं. मध्ये गाडी बदलायची नाही.

पण विमानतळाची ट्रॉली मागे सोडावी लागते, आणि सामानवाल्याचा खरा प्रवास तिथून सुरू होतो. एक बॅग ढकलायची, दुसरी ओढायची, पाठीवर सॅक, गळ्यात पासपोर्टची पिशवी. ताईनं एक नियम केला होता : सरकता जिना नाही, फक्त लिफ्ट. सरकत्या जिन्यावर दोन बॅगांसह चढणं म्हणजे एक बॅग वर जाते आणि दुसरी परत खाली जायला बघते. लिफ्टला रांग होती. बाळाची गाडी, व्हीलचेअर, आजोबा, मग ताई. दहा मिनिटं गेली, पण हाडं शाबूत राहिली.

(आवाज : सीएसएमटीची उद्घोषणा. हमालांच्या हाका.)

सीएसएमटीला लांबच्या गाड्यांचे फलाट पूर्वेच्या अंगाला. मेट्रोतून वर आल्यावर चाल बरीच आहे, आणि बॅगेची चाकं फक्त गुळगुळीत फरशीवरच इमानदार असतात. ताईनं हमाल केला. लाल सदरा, दंडावर पितळी बिल्ला. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्यांना 'सहायक' हे नाव मिळालं. ताईनं हौसेनं "सहायक!" अशी हाक मारून बघितली. कुणी वळलं नाही. "ओ दादा" म्हटल्यावर दोघं आले. दर आधी ठरवायचा, बॅग उचलल्यावर नाही. हे तिला आठवत होतं.

तिची गाडी वंदे भारत. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. दुपारी चारनंतर मुंबई सोडते आणि रात्री साडेदहा-पावणेअकराच्या सुमारास सोलापूर गाठते. ताईला सिद्धेश्वर एक्स्प्रेसही घेता आली असती, रात्री निघून सकाळी पोचणारी. सामानाच्या दृष्टीनं खरं तर तीच बरी. खालच्या बर्थखाली मोठी बॅग सरकते, साखळी-कुलूप लावलं की बिनघोर झोपायचं. पण मेहंदीला पोचायचं होतं.

इथं नियमांचं थोडं. रेल्वेत फुकट न्यायच्या सामानाची मर्यादा ठरलेली आहे : एसी टू-टियरला ५० किलो, थ्री-टियर, चेअर कार आणि स्लीपरला ४०, सेकंड क्लासला ३५. वर थोडी सवलत, त्यापुढे पार्सल. ताईचे ४६ किलो सवलतीत बसले. वजन करायला कुणी आलंच नाही म्हणा. चेअर कारमध्ये काटा आडवा येत नाही, जागा आडवी येते. वरची फळी सॅक आणि छोट्या बॅगांच्या मापाची. तेवीस किलो डोक्यावर उचलायचे कुणी, आणि गाडीनं हिसका दिला तर ते पडायचे कुणाच्या डोक्यावर?

एक बॅग शेवटच्या रांगेमागच्या फटीत उभी बसली. दुसरी ताईनं पायांपुढे घेतली आणि साडेसहा तास पाय तिच्यावर ठेवून प्रवास केला. मधूनमधून मागून आवाज यायचा, "ही बॅग कुणाची?" आणि ताई पुढून हात वर करायची. शाळेतल्या हजेरीसारखी.

(दृश्य : पुणे, लोहगाव. नवं टर्मिनल. दुपार.)

माझं सोपं होतं. एकच बॅग, तेरा किलो. लोहगावचं नवं टर्मिनल १४ जुलै २०२४ला सुरू झालं, पण मेट्रो अजून दारात नाही. सर्वांत जवळचं स्थानक रामवाडी. तिथवर रिक्षा. रिक्षावाला म्हणाला, "स्टेशनलाच सोडतो की, मेट्रोच्या नादाला कशाला लागता?" नगर रोडवरची गर्दी बघून मी त्या नादाला लागलो.

रामवाडी, कल्याणीनगर. मग घोषणा होते : येरवडा.

(दृश्य : मेट्रोच्या काचेतून पुणे. निवेदन थोडं संथ.)

सोलापूरच्या माणसाला हे नाव ऐकून जरा थांबायला होतं. मे १९३०. गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि सोलापूरच्या गिरण्यांमधले कामगार रस्त्यावर उतरले. काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता उरली नव्हती. मग मार्शल लॉ आला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिली. फाशी सोलापुरात नाही, इथं, येरवड्याच्या तुरुंगात.

पुण्याहून संध्याकाळी सहाच्या सुमारास सोलापूरला निघणाऱ्या गाडीचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस. ते हुतात्मे हेच. आम्ही आयुष्यभर "हुतात्मा लेट आहे का ओ?", "हुतात्म्याला गर्दी होती बघ" असं बोलत आलोय आणि त्या वाक्यात कोण आहे याचा विचार केलेला नाही. त्या दिवशी येरवड्यात मेट्रोची दारं उघडली, दोन कॉलेजच्या पोरी हसत आत आल्या, दारं मिटली. पुढचं स्थानक बंडगार्डन.

(आवाज : गाडी सुटण्याची शिट्टी.)

हुतात्मामध्ये माझी बॅग वरच्या फळीवर बसली आणि मी बिनकामाचा झालो. दौंडपर्यंत उजेड होता. भिगवणजवळ उजनीचं पाणी लागतं, पण तोवर अंधार पडला. पाणी आणि रोहित पक्षी बघायचे असतील तर सकाळची इंद्रायणी धरावी, आणि थंडीत धरावी.

या मार्गावर रेल्वे सोलापूरपर्यंत आली ती १८६० साली. पण आमच्या लहानपणी बराचसा मार्ग एकेरीच होता. कुठल्याशा बारक्या स्टेशनावर गाडी उभी राहायची, समोरून क्रॉसिंग येईपर्यंत. बाबा खाली उतरून चहा पिऊन यायचे आणि आई खिडकीतून ओरडत राहायची. आता दुहेरी मार्ग आणि वीज. आई ओरडायच्या आत कुर्डुवाडी येतं.

ताईचा फोन आला तेव्हा तिची गाडी माझ्या मागे तासाभराच्या अंतरावर होती. एकाच रुळावर, एकाच लग्नाला. ती म्हणाली, "तू उतरलास की फलाटावर थांब. मी एकटी हे उतरवणार नाही."

(दृश्य : सोलापूर स्टेशन. वंदे भारत फलाटाला लागते. दार उघडतं, आधी एक करडी बॅग बाहेर येते, मग ताई.)

थांबलो. मधल्या वेळेत चहा, आणि शेंगाची चटणी विकणाऱ्या माणसाशी मराठी-कानडीत गप्पा. ताई उतरली ती लंगडत. साडेसहा तास बॅगेवर ठेवलेल्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

बाहेर रिक्षावाला बॅगा बघून आधी हसला.

"कुठं चाललाव, काका? लंडनला का?"

"चार पुतळा."

"मग दोन रिक्षा करा. एवढं माझ्या रिक्षात बसायचं नाही."

बसलं. एक बॅग मागच्या कप्प्यात तिरकी, एक पायांत, निळी माझ्या मांडीवर, आणि ताईचा एक हात बाहेरून बॅगेला धरलेला. त्या चौकात त्याच चौघांचे पुतळे आहेत. रिक्षा त्यांना वळसा घालून गेली. आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही, रिक्षावाला मात्र दोन्ही बाजूंच्या खड्ड्यांबद्दल बोलत होता.

हॉटेलाचं काम मी आधीच फोनवर केलं होतं, आणि ते महत्त्वाचं निघालं. ताईकडे आता जर्मन पासपोर्ट आहे. परदेशी पासपोर्टवाला माणूस उतरला की हॉटेलाला २४ तासांच्या आत परदेशी पाहुण्याचा ऑनलाइन फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) भरून सरकारला कळवावं लागतं. पहिल्या लॉजवाल्यानं स्पष्ट सांगितलं, "ते ऑनलाइनचं आपल्याकडे नाही, आधारकार्ड असेल तर या." माहेरच्या गावात लॉजनं जागा नाकारली म्हणून ताई आठवडाभर तो किस्सा सगळ्यांना सांगत होती. दुसऱ्या हॉटेलात फॉर्म होता, पण लिफ्ट बंद होती. खोली तिसऱ्या मजल्यावर.

(दृश्य : जिना. दोन माणसं, मध्ये एक बॅग. कॅमेरा हलतो, कारण कॅमेरा धरणाराही धापा टाकतोय.)

खोलीत ताईनं पहिली बॅग उघडली. वर चॉकलेटं, मध्ये काचेचं भांडं, आणि ते फुटू नये म्हणून गुंडाळलेली जुनी सोलापुरी चादर. मोराच्या नक्षीची, आईनं दिलेली. जर्मनीला जाऊन परत आली होती.

"जाताना काय नेणार?" मी विचारलं.

"चटणी. कडक भाकरी. मामीनं सहा चादरी काढून ठेवल्यात म्हणे."

तिनं पर्समधून हुकाचा छोटा वजनकाटा काढला, रिकामी बॅग त्याला अडकवून उचलली आणि आकडा बघत राहिली. खाली रिक्षावाला अजून उभा होता. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास सुटते. परतीच्या दिवशी पाचला यायला सांग, ती म्हणाली, आणि या वेळी खरंच दोन रिक्षा सांग.