तेल सांध्यात जात नाही, मग चोळायचं कशाला?

(नागपुरातील ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सांध्यांना तेल चोळण्याचा हा विषय थंडीत ठेवलात ते बरं केलंत. आपल्याकडे कौतुक उन्हाळ्याचंच जास्त, पण २०१८च्या डिसेंबरात याच नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. हवा गार झाली की सकाळचं फिरणं बंद होतं, माणसं रजईत बसतात आणि गुडघे आखडतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गुडघ्यावर कितीही तेल जिरवा, ते सांध्यात पोचत नाही. दाराच्या बिजागरीत तेल सोडावं तसं इथे होत नाही. मध्ये कातडी आहे, चरबी आहे, सांध्याचं आवरण आहे; आतलं वंगण शरीर स्वतःच तयार करतं. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, तेलाने भरून येत नाही, मग बाटलीवर काहीही छापलेलं असो.

मागून काकाजी विचारताहेत, "मंग चोळाचं कायले जी?" बरोबर विचारलंत. चोळल्याने बरं वाटतं आणि ते बरं वाटणं खोटं नसतं. कोपर दाराला आपटलं की दुसरा हात आपोआप तिथे जातो आणि चोळायला लागतो, हो की नाही? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन संशोधकांनी १९६५मध्ये याचं कारण मांडलं. स्पर्शाचे, दाबाचे संदेश मज्जारज्जूत पोचले की वेदनेच्या संदेशांची वाट तिथेच काही प्रमाणात अडते. त्यांच्या मांडणीत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, मूळ मुद्दा मात्र टिकला. शिवाय सांधा दुखतो तेव्हा आजूबाजूचे स्नायू ताठरतात, ते चोळल्याने सैल पडतात. तेल हवं ते हात सरकावा म्हणून, कातडी ओढली जाऊ नये म्हणून. खरं काम हाताचं.

म्हणूनच महागडं तेल घेऊ नका. तिळाचं तेल उत्तम. एरंडेल फार घट्ट, त्यात तेवढंच तिळाचं मिसळा. मोहरीचं झोंबतं, ती ऊब तिखटपणाची असते, नाजूक कातडीवर पुरळ उठू शकतं, तेव्हा आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते. गडचिरोली-गोंदियाकडच्या मंडळींना मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल माहीत असेल. तेही थंडीत थिजतं, पण हाताला छान लागतं. जवसाचं मात्र नको. विदर्भातलं आपलं लाडकं तेल, पण ते हवेत वाळतं, चिकट थर धरतं. रंग-वार्निशात वापरतात ते याच गुणामुळे. जवसाचं तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपसूक तापून पेटूही शकतात. त्यापेक्षा जवसाची चटणी खा.

आता कृती. तेल गॅसवर तापवायचं नाही. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायची, एका गुडघ्याला चमचा-दीड चमचा पुरे. खुर्चीवर बसा, पाय समोर स्टुलावर. सुरुवात गुडघ्यावर नको, मांडीवर करा. गुडघ्याच्या वरपासून जांघेकडे, अख्ख्या तळव्याने, सावकाश. बहुतेक जण गुडघ्याच्या वाटीलाच घासत बसतात आणि मांडी कोरडी राहते. मांडी सैल झाली की अंगठ्यांनी वाटीच्या कडेकडेने लहान गोल फिरवा. पाय अगदी सैल असेल तर वाटी दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलकेच सरकवता येते, करून पाहा. मागच्या खळग्यात दाबायचं नाही, तिथून रक्तवाहिन्या आणि नसा जातात. पाच-सात मिनिटं झाली की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, पाच मोजा, सोडा. असं दहा वेळा. मालिशीने जो आराम मिळाला तो या व्यायामासाठी वापरायचा, कारण पुढे गुडघा सांभाळते ती मांडीची ताकद. आणि तळपायाचं तेल पुसल्याशिवाय उठायचं नाही! बाथरूममध्ये घसरून खुबा मोडला तर गुडघा राहतो बाजूला.

बोटांचे सांधे असतील तर हेच, फक्त हलक्या हाताने. अंगठ्याच्या मुळाशी थोडा जास्त वेळ द्या.

कधी चोळायचं नाही? सांधा लाल, गरम, टम्म सुजलेला असेल तेव्हा. अंगात ताप असेल तेव्हा. पडल्यावर लगेच. एकच पोटरी अचानक सुजून दुखायला लागली तर अजिबात नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, थेट डॉक्टर गाठा. सकाळचा ताठरपणा तासभर जात नसेल, दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर तो संधिवात वेगळा. तेल लावत महिने घालवू नका. इथे कुणी म्हणेल, तुम्ही डॉक्टर लोक आयुर्वेदाच्या विरोधातच. तसं नाही. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, रोज करा असं सांगितलं आणि अजीर्ण असताना करू नका हेही सांगितलं. आमवातात, म्हणजे अशा सुजणाऱ्या संधिवातात, जाणते वैद्यसुद्धा आधी तेल लावत नाहीत, गरम वाळूच्या पुरचुंडीने कोरडा शेक देतात.

वजनाचं थोडक्यात. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. सावजीची तर्री बंद करा असं मी या शहरात म्हणणार नाही, मला घरी जायचंय. पण दर रविवारी नको.

काकूंचा प्रश्न चांगला आहे, दुखऱ्या जागी लावायच्या बामचा. त्यातल्या बऱ्याच बाममध्ये मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनच्या जातीतलं. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर असे बाम भरपूर चोपडू नका, आधी डॉक्टरांना विचारा. बाम लावून वर गरम पिशवी तर कुणीच ठेवू नये, कातडी भाजते. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला मुंग्या येतात त्यांना नुसत्या पिशवीचाही चटका कळत नाही, तेव्हा पिशवी आधी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला लावून बघा. कापूर घातलेलं तेल नातवंडांच्या हाती लागेल असं ठेवू नका, पोटात गेलं तर लहान मुलाला झटके येऊ शकतात.