माणसं घरात, करवत भिंतीत

[दृश्य: दहा मजल्यांची करडी इमारत. क्रेनला टांगलेली काँक्रीटची स्लॅब सावकाश एका मजल्याच्या पातळीला येते.]

अर्ध्या दिवसात स्लॅब जागेवर बसते. पुढचे दोन दिवस जुनी बाहेरची भिंत करवतीनं कापण्यात जातात. आणखी दोन दिवस कारखान्यातून तयार होऊन आलेला सांगाडा उभा करायला. मग चार ते आठ दिवस आतली कामं : न्हाणीघर, वायरिंग, नळ. साधारण दोन आठवड्यांत एका घराचं काम आटोपतं आणि कामगार शेजारच्या घराकडे सरकतात. या सगळ्या दिवसांत घरातलं बिऱ्हाड घरातच असतं. सामान बांधायचं नाही, भाड्याची खोली शोधायची नाही, पोरांची शाळा बदलायची नाही.

हे फ्रान्समधलं बोर्दो, आणि हे काम इमारत न पाडता तिच्यातली घरं वाढवण्याचं. शहर वाइनसाठी ओळखलं जातं, पण आपण द्राक्षमळ्यांकडे जाणार नाही. आपण आहोत शहराच्या उत्तर भागातल्या ग्राँ पार्क वसाहतीत. १९६० च्या दशकात घरांची टंचाई होती, तेव्हा सरकारी पैशातून इथं चार हजारांहून जास्त घरं उभी राहिली. सरळ, उंच, एकसारख्या इमारती. छोट्या खिडक्या. हिवाळ्यात गारठा आतपर्यंत.

[दृश्य: पाडकामाची जुनी चित्रं. स्फोट, धूळ.]

चाळीसेक वर्षांनी अशा इमारती फ्रान्सला नकोशा झाल्या. २००३ मध्ये सरकारनं देशभरासाठी मोठा कार्यक्रम आखला : दोन लाख घरं पाडायची, दोन लाख नवी बांधायची. दुसऱ्याच वर्षी ॲन लाकातों, जाँ-फिलिप वासाल आणि फ्रेदेरिक द्रुओ या तीन वास्तुरचनाकारांनी एक अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कधीही पाडू नका. काढून टाकू नका. जे आहे त्यात भर घाला.

लाकातों आणि वासाल यांचा हा हेका जुनाच. १९९६ साली बोर्दो शहरानं त्यांना एक छोटा चौक सुशोभित करायला दिला होता. प्लास लेओं ओकोक त्याचं नाव. झाडं, बाकडी, आजूबाजूला साधी घरं. दोघांनी तिथं बराच वेळ घालवला, रहिवाशांशी बोलले आणि कळवलं : चौक सुंदरच आहे, काही करायची गरज नाही. खडी बदला, साफसफाई जरा जास्त वेळा करा, झाडांची निगा राखा. तेवढंच झालं. काम मिळालेल्या माणसानं ‘काम नको’ म्हणावं, हे आपल्याकडच्या सुशोभीकरणाच्या ठेकेदारांना कसं पटवून द्यायचं कोण जाणे.

[दृश्य: पारदर्शक पत्रे, सरकती तावदानं, आत कुंड्या, दोरीवर कपडे, लहान मुलाची सायकल.]

ग्राँ पार्कमध्ये मात्र नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नव्हतं. जी, एच आणि आय अशा नावांच्या तीन इमारती, दहा ते पंधरा मजल्यांच्या, मिळून ५३० घरं. भाडेकरू राहणारी, मालक एकच : आकितानिस ही सार्वजनिक गृहनिर्माण संस्था. इमारतींचा सांगाडा भक्कम होता. कमी होती ती उजेडाची, जागेची आणि उबेची.

मग त्या तिघा वास्तुरचनाकारांनी, क्रिस्तोफ ह्युतँ या चौथ्या साथीदारासह, इमारतीला बाहेरून एक नवा थर जोडला. जुन्या बांधकामाच्या शेजारी स्वतःच्या पायावर उभा राहणारा दुसरा सांगाडा. त्यात प्रत्येक घराला भिंतीपासून ३.८० मीटर बाहेर येणारी नवी जागा मिळाली. काही भाग उघडी बाल्कनी, बाकीचा बंद करता येईल असा. पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे कणखर प्लास्टिकचे, पन्हळी पारदर्शक पत्रे आणि सरकती काच. आतल्या बाजूची, छोटी खिडकी असलेली जुनी भिंत कापून तिथं पूर्ण उंचीचे काचेचे सरकते दरवाजे बसवले. या जागेला ते हिवाळी बाग म्हणतात.

तंत्र शेतीतलं आहे. मावळात गुलाबाचं पॉलिहाऊस ज्यानं आतून पाहिलंय त्याला वेगळं समजावून सांगायला नको. हिवाळ्यातलं ऊन पारदर्शक पत्र्यातून आत येतं, आतली हवा तापते, आणि बाहेरचा गारठा व बैठकीची खोली यांच्यामध्ये कोमट हवेची एक पट्टी तयार होते. रात्री जाड पडदा ओढायचा. उन्हाळ्यात तावदानं सताड उघडायची आणि ऊन परतवणारा पडदा लावायचा. यात एकही यंत्र नाही. दुसऱ्या बाजूच्या भिंतींना थंडी अडवणारं आवरण चढवलं, लिफ्ट नव्या बसवल्या.

यांतल्या पहिल्या तिघांनी २०११ मध्ये पॅरिसमधल्या बुआ-ल-प्रेत्र या जुन्या टॉवरवर असाच प्रयोग केला होता. तिथं ऊर्जेचा वापर जवळपास निम्म्यावर आला.

ग्राँ पार्कचं काम २०१७ च्या सुमारास पुरं झालं. भाडं वाढलं नाही. २०१९ मध्ये युरोपचा वास्तुकलेसाठीचा मीस व्हॅन डर रोह पुरस्कार या कामाला मिळाला, २०२१ मध्ये लाकातों आणि वासाल यांना प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतला जगातला मोठा पुरस्कार. आपल्या बाळकृष्ण दोशींना तो २०१८ मध्ये मिळाला होता.

[दृश्य: सिमेंटची भट्टी. चुनखडीचे ढीग.]

आता जरा हिशेब. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्के. यातला निम्म्याहून जास्त भाग कोळसा जाळल्यामुळे येत नाही. चुनखडी तापली की तिच्या पोटातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे उद्या भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. साठ वर्षांपूर्वीच्या इमारतीचा हा धूर केव्हाच सोडून झालाय. ती पाडून तिथं नवी उभारायची म्हणजे तेवढा, आणि मजले वाढले तर त्याहून जास्त, धूर पुन्हा सोडायचा. नव्या घरातल्या पाच-तारांकित एसीनं तो फेडायला किती वर्षं लागतील, हे विक्रीच्या माहितीपत्रकात कधी छापलेलं दिसत नाही.

[दृश्य: विटांच्या भिंतीचे चौकोन. प्रत्येकाचा रंग वेगळा.]

आणि पाडावंच लागलं तर?

डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या दक्षिणेला, ओरेस्टाडमध्ये, २०१९ साली एक वसाहत उभी राहिली. तिच्या भिंती गोधडीसारख्या दिसतात. लेंडागर या कंपनीच्या वास्तुरचनाकारांनी कार्ल्सबर्गच्या जुन्या बिअर कारखान्याच्या आणि इतर पाडलेल्या इमारतींच्या विटा इथं वापरल्या. पण सुट्या नव्हे. जुन्या काळी विटा चुन्यात बसवायचे. चुना मऊ, हातोडीनं ठोकला की सुटतो आणि वीट अख्खी निघते. १९६० नंतरच्या भिंतींत सिमेंट आलं. सिमेंट विटेपेक्षा चिवट. सोडवायला गेलं की सांधा राहतो आणि वीट फुटते. म्हणून त्यांनी भिंतीचेच साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे चौकोन करवतीनं कापले, मागे आधार दिला आणि नव्या घरांना लावले.

हा चुना-सिमेंटाचा फरक आपल्या पाडकामवाल्यांना चांगला ठाऊक आहे. पुण्यात वाडा उतरवतात तेव्हा सागवानी तुळया, खांब, दारं, कडीपाट, पितळी कड्या, सगळ्याला गिऱ्हाईक असतं. वस्तू मोडीत न काढता फिरती ठेवायची ही रीत इथं कुणी परिषद भरवून शिकवली नाही. सळया घातलेल्या काँक्रीटच्या, म्हणजे आरसीसी इमारतीत मात्र पाडकामवाल्याच्या हाती सळया आणि खिडक्यांचं ॲल्युमिनियम लागतं. बाकीचा राडारोडा. तो कुठं जातो, हे खाडीच्या कडेनं किंवा मुठेच्या पात्रालगत चक्कर मारली की दिसतं.

[दृश्य: मुंबईतलं उपनगर. चार मजली सोसायटी, तिच्या दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीतले टॉवर.]

मग ग्राँ पार्क मुंबईत का होत नाही? हवामान हे एक कारण. काचेची खोली इथं मे महिन्यात भट्टी होईल. इथं हवी सावली, वारा, पांढरी गच्ची, भिंतीपासून सुटी जाळी. पण खरं कारण एफएसआय, म्हणजे एका भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण. नव्या इमारतीला ते जास्त मिळतं, आणि वाढीव घरं विकून विकासकाचा खर्च निघतो. चार मजली सोसायटी पाडली की विकासक मोठं घर देतो, काम संपेपर्यंतचं भाडं देतो, वर कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे देतो. सभासदाच्या खिशातून एक रुपया जात नाही. दुरुस्ती करायची तर वर्गणी काढावी लागते. अशा सभेत उठून ‘पाडू नका’ म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. बोर्दोत मालक एक होता, तोही सार्वजनिक. इथं वीस सभासद आणि वीस मतं.

शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेनं सळया गंजलेल्या, छताचे पोपडे पडणाऱ्या अनेक इमारती खरोखरच वाचवण्यापलीकडे गेल्यात. त्या पाडायलाच हव्यात. पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावं, असं सोसायटीच्या आदर्श उपविधींत आहे. ते ‘दुरुस्ती किती दिवस पुरेल’ हे विचारण्यासाठी वापरायचं, की पुनर्विकासाच्या ठरावाला जोडायचं, हे सोसायटीवर आहे.

दहिसर आणि शिळफाट्याजवळ मुंबई महापालिकेनं राडारोड्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभे केलेत. दगड, वाळू, माती वेगळी होते, पेव्हर ब्लॉकमध्ये वापरता येते. केंद्र सरकारचे बांधकाम कचऱ्याचे २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत आणि त्यात कचऱ्याची जबाबदारी बांधकाम करणाऱ्यावर टाकली आहे. पण ही जबाबदारी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांची. एकेकट्या सोसायटीचा टॉवर अनेकदा त्याच्या आतच बसतो, आणि मुंबईतल्या गल्ल्या अशाच एकेकट्या सोसायट्यांनी भरल्या आहेत.