सहाव्या मुलाचा वाटा

ही वर्ध्याजवळची धाम नदी. टेकडीवर दिसतोय तो पवनारचा आश्रम. १९५१ मध्ये इथूनच विनोबा पायी तेलंगणात गेले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावालाच विचारलं, आणि गावातले जमीनदार रामचंद्र रेड्डी १०० एकर द्यायला उभे राहिले.

पुढे विनोबा गावोगाव सांगत फिरले: पाच मुलं असतील तर मला सहावा समजा, माझा वाटा द्या. मुलाला वाटा देणारा बाप उपकार करत नाही, आणि मुलालाही हात पसरावे लागत नाहीत. भूदानातली, म्हणजे अशी दानात मिळालेली, बरीच जमीन पडीक निघाली, बरीच वाटलीच गेली नाही, हे खरं. तरी मागणं चुकीचं नव्हतं.

आता हे वावर बघा. मृगात सरकी लावली, मग पावसानं दडी मारली. तासातली माती बोटानं उकरली की दिसतं, कोंब फुटलाय, पण वर यायच्या आत वाळलाय. म्हणजे दुबार पेरणी. पीककर्ज पहिल्या पेरणीत संपलं. कास्तकार आधी भाऊबंदाकडे हातउसने मागतो. पण भाऊबंदाचं वावरही त्याच पावसावर. देण्याची इच्छा असते, घरात पैसा नसतो. मग उरतो सावकार.

म्हणून हा प्रश्न गावातल्यांपेक्षा इथून शिकून नागपूर-पुण्याला गेलेल्यांचा जास्त आहे. पाऊस पडो न पडो, त्यांचा पगार होतो. ‘ते सरकारचं काम’ असं अनेकजण म्हणतात. सरकारचं आहेच. पण पंचनामा होऊन मदत येईपर्यंत पेरणीचे दिवस निघून जातात.

जमीन नसलेल्या, पण कमाई असलेल्यांकडे विनोबांनी संपत्तिदान मागितलं. तिथंही सहावा हिस्सा. पैसा ते स्वतः घेत नसत. तो देणाऱ्याकडेच राहायचा, सांगितलेल्या कामावर खर्चही त्यानंच करायचा आणि हिशेबही द्यायचा.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २०१३ मध्ये सगळी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे केली. एकमेकांना सांभाळणं तिथं कुणा एकाच्या मर्जीवर राहिलं नाही. आपल्यातल्या पगारदारांना जमीन सोडायची नाही. दरमहा ठरलेला हिस्सा बाजूला काढायचा, आणि तो जूनच्या आत गावात पोचवायचा. दिवाळीत आलेला पैसा पेरणीच्या कामाचा नाही.